अर्धा पीळ

पडण्याचे आवाज तिला आता वेगवेगळे ओळखू यायला लागले होते. चमचा पडला की आधी एक कडक टण् आणि मग फरशीवरची त्याची कुरकुर. लाकडी ठोकळा पडला की बोथट, जागच्या जागी मिटलेला आवाज. पुस्तक पडलं की आधी वारा आणि मग आवाज. तीन आठवडे तिचे कान घरभर पसरलेले होते, वाळत घातल्यासारखे. त्यामुळे गुरुवारी सकाळी ओट्याशी उभी असताना बाहेरच्या खोलीतून ठक् आणि त्यापाठोपाठ काहीतरी गडगडत गेल्याचं ऐकू आलं, तेव्हा पोर पडलेली नाही हे पाऊल उचलायच्या आधीच तिला कळलं होतं. आणि तरी ती धावली. दीड वर्षाची गुंडी जमिनीवर फतकल मारून बसली होती, अगदी सुखरूप, दोन्ही हात रिकामे, आणि खाटेखाली बोट दाखवत एखाद्या तलाठ्याच्या थाटात नोंद करत होती, "पलली!"

खाटेखाली भिंतीला टेकून बाबांची विजेरी पडली होती. नवरा तिला टॉर्च म्हणायचा, सासूबाई बॅटरी म्हणायच्या, पण तिच्या माहेरी ती विजेरीच होती. मुठीत धरली की दोन्हीकडून बोटभर बाहेर डोकावणारी, काळी, अंगभर बारीक चौकड्यांची खरखर असलेली. ओल्या हातातूनसुद्धा निसटू नये म्हणून ती खरखर कोरलेली असते, हे बाबांनी तिला लहानपणी पन्नासदा सांगितलं होतं. जिथे पंचवीस वर्षं बाबांचा अंगठा बसला तिथला काळा रंग जाऊन खालचा रुपेरी धातू चमकत होता, अंगठ्याच्याच आकाराचा. तिने शेपटीकडची टोपी पिळली. अंधार. पुन्हा पिळली, हलवली, कानाशी नेली. आत काहीतरी बारीक किणकिणलं. काच शाबूत होती, पण आतल्या डायोडवरचा थेंबाएवढा घुमट निखळून साखरेच्या दाण्यासारखा काचेमागे फिरत होता.

"पडली तर पडली," सासूबाई दारातूनच म्हणाल्या. "पोरीला लागलं नाही ना? मग झालं. हल्ली फोनलाच असते बॅटरी."

"शनिवारी बाबा येणारेत."

"मग? तुझे बाबा नातीला बघायला येणार की बॅटरीला?"

तिच्याजवळचं उत्तर सासूबाईंना देण्यासारखं नव्हतं. बाबा बॉयलर तपासायचे. कारखान्याचा बॉयलर थंड केला की माणूस जेमतेम आत जाईल एवढं गोल भोक असायचं, त्यातून ते खांदे तिरके करून आत शिरायचे आणि आतल्या काळोखात तासतासभर भिंतींवर विजेरी फिरवत तडा शोधायचे. त्या काळी विजेरीसाठी महिन्याचा निम्मा पगार मोजला म्हणून आईने आठ दिवस अबोला धरला होता. 'जिच्या भरवशावर आत जायचं ती स्वस्तातली कशी चालेल?' असं बाबांचं म्हणणं. लहानपणी ती एकदा त्यांच्याबरोबर गेली होती, त्या गोल भोकाबाहेर उभी राहून तिने आत वाकून हाक मारली होती आणि तिचाच आवाज लोखंडी होऊन परत आला होता. मग बाबांचं हसू आलं, आणि मग उजेडाचं एक वर्तुळ. त्या दिवसापासून तिने पक्कं ठरवून टाकलं होतं की या माणसाला भीती नावाचा अवयवच नाही. मग आपल्यात तो कुठून आला, तोही एवढा मोठा, हे कोडं तिला अजून सुटलेलं नव्हतं. गुंडी झाली त्या आठवड्यात बाबांनी विजेरी तिच्या उशाशी ठेवली आणि म्हणाले, "आता तुला लागेल." कशाला, ते त्यांनी सांगितलं नाही. पण लागली. झोपलेल्या पोरीची छाती वरखाली होते की नाही हे बघायला रोज लागली. विजेरीचा उजेड बॉयलरसाठी बनवलेला, पाळण्यासाठी नव्हे. म्हणून ती काचेवर तळहात धरायची आणि बोटांच्या फटींतून लालसर, पातळ उजेड गाळून घ्यायची. आपल्याच बोटांतलं रक्त तिला त्यात दिसायचं. मग श्वास मोजायचे. मग वहीत लिहायचे. त्या वहीची नवरा थट्टा करायचा, "बँकेत इतक्या नोंदी नसतात."

आणि तीन आठवड्यांपूर्वी, भर सकाळी, लख्ख उजेडात, आंघोळ घालताना साबणाने माखलेली गुंडी तिच्या हातातून निसटली. टॉवेलांच्या ढिगावर पडली. रडलीसुद्धा दोनच मिनिटं. डॉक्टरांनी डोळे पाहिले, डोकं चाचपलं आणि म्हणाले, "काही झालेलं नाही. मुलं रबराची असतात, बाई, तडे जातात ते आयांना." सगळे हसले. तीही हसली. आणि दुसऱ्या दिवसापासून सासूबाई गुपचूप स्वतः पोरीला आंघोळ घालायला लागल्या. हात बघत बसायची ती. हेच का ते हात? याच हातांनी ती आठ वर्षं कानाची यंत्रं दुरुस्त करत होती, केसापेक्षा बारीक तारा कथलाचे डाग देऊन जोडत होती. कार्यशाळेतल्या मोठ्या बाई नव्या मुलींना तिच्या बाकाशी आणून उभ्या करायच्या आणि म्हणायच्या, 'हिचे हात बघा, तोंडाकडे बघू नका.' आता चहाचा कप बशीत ठेवताना किणकिण व्हायची. गुंडी झाल्यापासून लांबवत आणलेली तिची रजा सोमवारी संपत होती. मोठ्या बाईंचा निरोप फोनवर येऊन पडला होता: 'येताय ना? बाकावर सव्वीस यंत्रं तुमची वाट बघतायत, आणि सव्वीस म्हातारे माझ्यावर ओरडतायत. स्वतःला काही ऐकू येत नाही म्हणून जास्तच मोठ्याने.' चार दिवस तिने उत्तर दिलेलं नव्हतं. कपाटाच्या खणात, धुतलेल्या झबल्यांखाली, नोकरी सोडत असल्याचं पत्र सहीसकट तयार होतं.

त्या दुपारी गुंडी झोपल्यावर ती विजेरी घेऊन टेबलाशी बसली आणि मनाशी एक खेळ मांडला, लहानपणी मांडायची तसा: समोरच्या खांबापर्यंत श्वास रोखला तर पेपर सोपा जाईल. शनिवारी बाबा यायच्या आत ही पेटली, माझ्या हातांनी पेटली, तर सोमवारी जायचं. नाहीतर पत्र. असे सौदे खुळचट असतात हे पदवीधर बाईला कळत होतं. तिच्यातल्या भीतीच्या अवयवाला मात्र ते अगदी न्यायाचे वाटले.

आणि नुसती दुरुस्तच का करायची? हा विचार कुठून आला कोण जाणे, पण आला तो पायातली चप्पलसुद्धा न काढता थेट आत येऊन बसला. तिला मंद उजेड हवा होता. शेपटीची टोपी पिळली की आतली स्प्रिंग पुढे जाऊन सेलला टेकते आणि विजेरी लागते. मग तिथेच एक बारीकसा रेझिस्टर घातला तर? अर्धा पीळ दिला की वीज त्याच्यातून रांगत जाईल, उजेड मिणमिणता. पूर्ण पीळ दिला की त्याला वळसा घालून धावत सुटेल, उजेड बॉयलरचा. तिने वहीत, श्वासांच्या नोंदींच्या मागच्या पानावर, आकृती काढली. किती दिवसांनी तिच्या हातून त्या वहीत आकडा नसलेलं काहीतरी उमटलं होतं. रेषा सरळ आली. तिने ती जरा दूर धरून पाहिली आणि तिला भूक लागली, कडकडून, दुपारी साडेतीन वाजता.

शुक्रवारी गुंडीला कडेवर घेऊन ती सुट्या भागांच्या दुकानात गेली. दुकान म्हणजे छतापर्यंत प्लास्टिकच्या डब्या आणि त्यांच्यामध्ये अडकलेला एक जाड चष्मेवाला माणूस. त्याने विजेरी हातात घेतली आणि त्याचा चेहराच बदलला. "ओहो. ही कुठं मिळाली? असे आटे आता कुणी पाडत नाही, ताई. बघा, लोण्यासारखे फिरतात." मग काचेतून आत पाहून, "पण डोळा गेलाय. मिस्टर करणार का दुरुस्ती?"

"मिस्टरांना सेल कुठल्या बाजूने घालायचा ते विचारावं लागतं."

तो इतका हसला की गुंडीही हसायला लागली. गुंडीने हात घालून एक डबी उपडी केली, शेदीडशे बारीक रेझिस्टर काउंटरवर सांडले, ती ते गोळा करायला लागली, पण दुकानदार म्हणाला, "राहू द्या, तिला निवडू द्या." आणि खरंच, गुंडीच्या ओल्या बोटाला जो चिकटला तो त्याने मीटर लावून मोजला आणि म्हणाला, "ताई, हा जरा जास्तच मंद होईल." "किती मंद?" "वाचता नाही यायचं. नुसतं, कोणीतरी आहे एवढं दिसेल." तिला तोच हवा होता. डायोड मात्र तिने स्वतः निवडला, निळसर पांढरा नव्हे, पिवळट, जुन्या बल्बच्या रंगाचा.

शनिवारी सकाळी सासूबाई पोरीला घेऊन बागेत गेल्या. जाताना म्हणाल्या, "ऑपरेशन करा डॉक्टरीणबाई. पेशंट दगावला तर आम्हाला कळवा." घर एकदम मोठं झालं. तिने टेबलावर जुना टॉवेल पसरला, म्हणजे काही निसटलं तरी उडू नये, आणि चिमटे, कथलाची तार, सोल्डरिंग गन अशी मांडामांड केली. गन तापल्यावर त्या ओळखीच्या वासाने, कथील आणि राळेच्या धुराच्या त्या किंचित गोड, किंचित कडवट वासाने, तिला एकदम आपला बाक आठवला, खिडकीतून येणारा तिरपा उजेड, शेजारणीची अखंड बडबड. इथे ती होती, गुंडीच्या आधीची, वासात राहिलेली. विजेरीच्या डोक्याचे आटे अडकले होते; तिने ते कढत पाण्यात धरून रबरी हातमोज्याने पिळले आणि ते एका सुस्काऱ्यासह सुटले. आधी शेपटी. स्प्रिंगच्या बुडाशी रेझिस्टर बसवायला तिला चाळीस मिनिटं लागली. एकदा चिमटा थरथरला, तेव्हा तिने मोठ्या बाईंची युक्ती केली, श्वास सोडून झाल्यावर आणि पुढचा घ्यायच्या आधी जी छोटीशी शांत जागा असते तिच्यात डाग द्यायचा. मग डोकं. बाबांनी काही वर्षांपूर्वी मूळचा बल्ब काढून त्या जागी डायोड बसवला होता. त्यांचे डाग ढोबळ, गोमाश्यांएवढे, पण पक्के. दोन तारा, एक लाल, एक हिरवी. जुना डायोड काढला, नवा ठेवला, लाल तार अधिकला, हिरवी उण्याला. दोन डाग. आरशासारखे चकचकीत. तिला ते इतके आवडले की ती उगाचच उठून खोलीभर एक चक्कर मारून आली. मग सेल घातले, सगळं जुळवलं आणि टोपी पिळली.

अंधार.

पूर्ण पीळ. अंधार.

अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. बाबांची गाडी बाराला. तिच्यातला तो भीतीचा अवयव आळोखेपिळोखे देत जागा झाला आणि म्हणाला, बघ, मी सांगत नव्हतो? हात गेले तुझे. नवा डायोड भाजून मारलास. झबल्यांखालचं पत्र तिला इथून दिसत होतं. ती हात मांडीत घेऊन बसली. आणि मग हातच, तिला न विचारता, उठले. आठ वर्षांची सवय. बिघाड शोधायचा तो शेवटाकडून, सेलपासून, असा कार्यशाळेचा नियम. हातांनी सेल काढले, मीटर लावला, सेल ठणठणीत. मग नळी. आतून पुसून घ्यावी म्हणून तिने काडीला स्पिरिटचा कापूस लावून आत फिरवला तर आतलं अस्तर हललं. अस्तर? ती जन्मभर समजत आली होती की नळीला आतून तसा पिवळट थर असतोच. चिमट्याने कड धरून तिने हळूहळू ओढलं आणि एक कागद बाहेर आला, नळीच्या गोलाईचा, तपकिरी, कडक. सेल आत खुळखुळू नयेत म्हणून कुणीतरी गुंडाळून बसवलेला. खुळखुळ बाबांना अजिबात सहन व्हायची नाही. तिने तो वाटीच्या बुडाखाली दाबून सपाट केला. अक्षर बाबांचं, कोंबडी चालून गेल्यासारखं.

वर तिचं घरातलं नाव. वय वर्षं तीन. खाली ओळीने आकडे. आठ वाजता, १०२.८. साडेआठ, १०३.१. पावणेनऊ, १०३.१, 'पुन्हा मोजला, विश्वास बसेना'. नऊ, 'पाणी दोन चमचे'. सव्वानऊ, 'श्वास ३६'. नऊ वीस, 'श्वास ३४, मोजताना चुकलो असेन'. नऊ पंचवीस, 'श्वास ३६'. पाच पाच मिनिटांनी. मध्येच, 'विजेरीने जागी होते. काचेवर बोटं धरावी.' मग पुन्हा आकडे, आकडे, शाई कुठे फुटलेली, कुठे एकाच आकड्यावरून दोनदा फिरलेली. ती वाचत गेली. तिला आधी वाटलं रडू येतंय, पण निघालं ते हसू, मोठ्याने, रिकाम्या घरात, थांबता थांबेना. नऊ वीस, नऊ पंचवीस! बॉयलरमध्ये शिरणारा माणूस! भीती नावाचा अवयव नसलेला! हा अवयव तर त्यांच्याकडूनच आला होता, नाकासारखा, वाकड्या करंगळीसारखा. आणि तो घेऊनच ते गेले होते रोज त्या गोल भोकातून आत, त्याच कागदात सेल गुंडाळून. तिने डोळे पुसले आणि शेवटची ओळ वाचली. पहाटे पाच, ९८.९. 'ताप थांबला.' आणि त्याखाली लाल शाईच्या दोन ठसठशीत रेघा.

लाल का? साऱ्या जगात धोक्याच्या आकड्याखाली लाल रेघ मारतात. १०३ खाली मारायची सोडून यांनी उतरलेल्या तापाखाली मारली. कारण लाल म्हणजे थांब, तिच्या मनात बाबांचा आवाज बोलला. हिरवा म्हणजे निघा, वीज जिथून निघते तो अधिक. लाल म्हणजे थांब, म्हणजे उणे. बाबांची स्वतःची रीत होती ती, कुठल्याही पुस्तकात नसलेली. त्यांच्या घरची घंटा, रेडिओ, टेबलाचा दिवा, सगळं त्या रीतीने जोडलेलं. कॉलेजात पहिल्या वर्षी तिनेही तसंच जोडून वर्गभर धूर केला होता आणि घरी येऊन बाबांशी भांडली होती. मग आठ वर्षं कार्यशाळेत लाल म्हणजे अधिक करता करता ती माहेरची वीज विसरली. डायोड मेला नव्हता. उलटा जोडला गेला होता, म्हणून रुसून बसला होता एवढंच. डाग तर सुरेखच होते. डाग उत्तम होते!

तिने गन पुन्हा तापवली. दोन तारा, अदलाबदल. श्वास सोडला, शांत जागा सापडली, डाग. पुन्हा शांत जागा, डाग. आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं की हात थरथरतायत की नाही हे बघायचं ती मघापासून विसरलीच होती. कागद तिने होता तसाच गुंडाळून नळीत सारला. सेल खुळखुळायला नकोत.

बाबा आले ते दारातूनच ओरडत, "कुठंय माझी साहेबीण?" गुंडी सासूबाईंच्या कडेवरून त्यांच्याकडे झेपावली. पाणीबिणी झाल्यावर तिने त्यांना विचारलं, "बाबा, मी तीन वर्षांची असताना मला मोठा ताप आला होता?"

बाबांनी पेला खाली ठेवला. "आला असेल. पोरांना येतोच."

"तुम्ही काय करत होता तेव्हा?"

"मी? झोपलो होतो. विचार तुझ्या आईला. घोरत होतो म्हणून अजून ऐकवते."

"पाच पाच मिनिटांनी श्वास मोजत घोरत होता?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या विजेरीकडे, मग टॉवेलावर सांडलेल्या कथलाच्या थेंबांकडे. त्यांचे कान हळूहळू लाल झाले. "उघडलीस होय," ते म्हणाले. आणि मग जरा वाकून, बारीक आवाजात, "आईला सांगू नको. ती काळजी करेल."

सासूबाई आतून म्हणाल्या, "काय खुसूरफुसूर चाललीय बापलेकीची? लागली का ती बॅटरी?"

भर दुपार होती, खिडक्यांतून ऊन ओतत होतं. काळोख पाहिजे म्हणून ते तिघं कपड्यांच्या कपाटात शिरले; बाबा खांदे तिरके करून, जुन्या सवयीने, आणि तिच्या मांडीवर गुंडी. सासूबाईंनी बाहेरून दार लोटलं आणि म्हणाल्या, "देवा, माझ्या मुलाने कुठल्या घरातली केली!" कपाटात डांबराच्या गोळ्यांचा आणि इस्त्रीच्या कपड्यांचा वास होता. झबल्यांच्या खणातलं पत्र तिने मघाशीच फाडून टाकलं होतं, आणि मोठ्या बाईंना लिहून टाकलं होतं, 'सोमवारी येते. म्हाताऱ्यांना सांगा, ओरडू नका.' तिने विजेरीला अर्धा पीळ दिला.

उजेड आला तो आल्यासारखा वाटलाच नाही. आधी गुंडीच्या गालाची एक कड दिसली, मग बाबांचं नाक, मग बाहीवरची बटणं. वाचता आलं नसतं, पण कोणीतरी आहे एवढं दिसत होतं. बोटं आड धरावी लागली नाहीत. बाबा म्हणाले, "हे मला सुचायला हवं होतं. तेव्हा." आणि विजेरी हातात घेऊन ढोबळ अंगठ्याने त्यांनी तो रुपेरी ठसा चाचपला, ओळखीचं माणूस भेटावं तसा. "लाल कुठे जोडलीस?"

"तुमच्या थांब्यावर."

"शाब्बास."

गुंडी दोन्ही हात पुढे करून उठली. तिला ती वस्तू हवी होती, आत्ताच्या आत्ता, आणि ती बाबांच्या हातातून तिच्या हातात आली. लहानशा मुठीतून विजेरी डुगडुगली. आईचे हात आपोआप खाली सरकले, झेलायला, ओंजळ करून. आणि मग तिने ते मागे घेतले, मांडीवर ठेवले, आणि बघत राहिली. ठक्. कपाटाच्या लाकडी बुडावर. विजेरी गडगडत बाबांच्या पायांपाशी जाऊन थांबली आणि तिथून, खालून, चौघडी घातलेल्या चादरींवर आपला मिणमिणता पिवळा उजेड टाकत राहिली.

"पलली," गुंडीने जाहीर केलं.

"पडली," ती म्हणाली. "उचल."